भाड्याच्या जागेतील उत्सव आणि अग्नी

आपल्या संस्थेचे मंदिर लहान आहे. नित्यपूजा, एकादशीचे भजन, संकष्टीची अथर्वशीर्षाची आवर्तने एवढे तेथे सुखाने पार पडते. परंतु गणेशोत्सवातील कीर्तने, रामनवमीचा महाप्रसाद, मुलांचे स्नेहसंमेलन, सामुदायिक मुंजी यांसाठी आपणांस मंगल कार्यालय, शाळेचे सभागृह किंवा एखाद्या ज्ञातिसंस्थेची माडीवरील जागा भाड्याने घ्यावी लागते. ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील अनेक महाराष्ट्रीय मंडळांची स्थिती आपल्या इंदुरातील मंडळांहून फारशी निराळी नाही. जागा परक्याची, चार-सहा तासांपुरतीच आपली. अशा जागेत आगीपासून माणसांना जपण्याचे उत्तरदायित्व कोणाचे? 'जागेच्या मालकाचे' असे उत्तर बहुतेक जण देतात, आणि पावती फाडून निश्चिंत होतात. ही समजूत किती घातक आहे, हे सभासद कुटुंबांच्या ध्यानी यावे म्हणून हा लेख लिहिला आहे.

हरियाणा राज्यात मंडी डबवाली नावाचे गाव आहे. तेथे २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेचा वार्षिक पारितोषिक समारंभ भरला होता. जागा शाळेची नव्हती. लग्नकार्यासाठी भाड्याने मिळणारी होती. मोकळ्या आवारावर मांडव घातलेला, त्याला आतून कृत्रिम धाग्याच्या कापडाचे छत, आणि त्याखाली मुले, त्यांचे आईबाप, आजीआजोबा अशी सुमारे दीड हजार माणसे. विजेच्या जोडणीतून ठिणगी उडाली, छत पेटले, आणि ते वितळलेले कापड पेटत्या थेंबांनी खाली बसलेल्यांच्या अंगावर पडू लागले. बाहेर पडण्यास पुरेशा वाटा नव्हत्या. अवघ्या काही मिनिटांत सर्व संपले. चारशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुलांची संख्या फार मोठी होती. दुपारच्या वेळी, उजेडात, हसतखेळत चाललेल्या समारंभात हे घडले.

या प्रकरणाचा निकाल आपण विशेष लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २००९ साली नुकसानभरपाईची वाटणी ठरविली. तीत शेकडा ४५ वाटा राज्यशासन व त्याच्या संबंधित यंत्रणांवर पडला. उरलेला शेकडा ५५ वाटा केवळ जागेच्या मालकावर पडला नाही. समारंभ भरविणाऱ्या शिक्षणसंस्थेसही त्याचा भार उचलावा लागला. जागा आमची नव्हती, मांडव आम्ही उभारला नव्हता, हे म्हणणे तिला तारू शकले नाही. ज्याच्या निमंत्रणावरून माणसे जमली, तो त्या माणसांच्या जिवास उत्तरदायी आहे, असा त्या निकालाचा सरळ अर्थ आहे. कार्याचा यजमान म्हणून संकल्प आपण सोडतो. तेव्हा यजमानपणाचा हा भागही आपलाच.

कायद्याचे राहो; आमच्याच अनुभवाची एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका भाड्याच्या सभागृहात आमच्या मंडळाचे कीर्तन चालले होते. उत्तररंग भरात आला असता पंख्याच्या वाऱ्याने रंगमंचाचा पडदा हलला आणि त्याच्या कडेला समईची ज्योत लागली. पेटीवर बसलेल्या गृहस्थांनी प्रसंगावधान राखून पडदा ओढून खाली पाडला आणि दोघा तरुणांनी त्यावर सतरंजी टाकली. एक मिनिटाच्या आत आग विझली आणि कीर्तन पुढे चालू झाले. त्या गृहस्थांचे आम्ही कौतुक केले आणि विषय तेथेच संपला असता. पण रात्री सामान आवरताना कोणी सहज विचारले, 'हा पडदा विझला नसता तर मागच्या बायका कोठून बाहेर पडल्या असत्या?' आम्ही शोध घेतला, तेव्हा भिंतीच्या मध्यभागी एक रुंद दरवाजा निघाला. त्याला बाहेरून कुलूप होते, आणि किल्ली असलेला पहारेकरी चहाला गेला होता. दरवाजापुढे घडीच्या खुर्च्यांची चळत होती. आणि त्या दरवाजावर संस्थेच्या नावाचा भलामोठा कापडी फलक लटकत होता, जो आम्हीच दरवर्षी त्याच जागी टांगत असू. तीन वर्षे ते सभागृह आम्ही घेत होतो. तेथे दरवाजा आहे हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानी आले नव्हते.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, जागा ठरविण्यास गेलेल्या मंडळींनी भाड्याची घासाघीस करण्याआधी दरवाजे मोजावेत. मोजावेत म्हणजे नुसते पाहू नयेत. प्रत्येक दरवाजा आपल्या हाताने उघडून त्यातून बाहेर रस्त्यापर्यंत चालत जावे. कित्येक दरवाजे एखाद्या बंद बोळात किंवा कोठीच्या खोलीत उघडतात. ते दरवाजे नव्हेत. बाहेर जाण्याचा दरवाजा बाहेरच्या बाजूस उघडणारा असावा, कारण घाबरलेला जमाव दाराशी दाटला की आत उघडणारे दार उघडणेच अशक्य होते. थोडे गणितही करावे. एक मीटर रुंदीच्या दारातून शिस्तीने चालणारी माणसे मिनिटाला साधारणतः साठ-सत्तर बाहेर पडतात. तीनशे माणसांना अशा एकाच दारातून बाहेर पडण्यास साडेचार-पाच मिनिटे लागतील, तीही कोणी अडखळले नाही, कोणी मुलाला शोधण्यास मागे वळले नाही तर. कृत्रिम कापडाचा मांडव तेवढा अवधी देत नाही. म्हणून परस्परांपासून दूर असलेली किमान दोन दारे ज्या जागेस नाहीत, ती जागा कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे प्राणास मुकली. आग तळमजल्यावरील विद्युत रोहित्रापासून पसरली. वर सज्जात बसलेल्यांना ज्वाळांनी नव्हे, तर धुराने मारले. अधिक प्रेक्षक बसावेत म्हणून तेथे वाढीव खुर्च्या टाकून जाण्यायेण्याच्या वाटा अरुंद केलेल्या होत्या आणि एका बाजूची बाहेर पडण्याची वाट बंद झालेली होती. 'आणखी दोन रांगा लावा हो, पाहुणे उभे आहेत' असे आपणही म्हणतो. येथे आणखी एक अडसर सांगतो, जो आपल्याच कार्यात असतो आणि म्हणून आपणांस दिसत नाही: दाराशी पडलेला पादत्राणांचा ढीग. दोनशे माणसांचे चारशे जोडे-चपला नेमके उंबरठ्याबाहेर पसरलेले असतात. अंधारात धावणारा पहिला म्हातारा तेथे पडेल आणि मागचे त्याच्यावर. पादत्राणांसाठी दारापासून दहा-पंधरा पावले दूर, एका अंगास जागा आखून तेथे एक मुलगा बसवावा. दुचाकी वाहनेही मागच्या दाराला टेकवून ठेवण्याची खोड आपल्या तरुणांना आहे, ती मोडावी. वृद्ध व चालता न येणारी माणसे मानाने पुढे बसविण्यापेक्षा दाराजवळ बसविणे हाच त्यांचा खरा मान होय.

आता मांडवाविषयी. गवत, झावळ्या, कागद आणि कृत्रिम कापड यांचा मांडव म्हणजे रचून ठेवलेले सरपणच. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात कुंभाभिषेकाच्या विधींच्या वेळी ७ जून १९९७ रोजी यागशाळेचा शाकारलेला मांडव पेटला आणि सुमारे ४८ भाविक मृत्यू पावले. या मंदिराचे वंशपरंपरागत विश्वस्तपद तंजावरच्या भोसले घराण्याकडे असल्याने मराठी माणसाला ती वार्ता परकी वाटण्याचे कारण नाही. श्रीरंगम् येथील एका मंगल कार्यालयात २३ जानेवारी २००४ रोजी लग्न चालू असता माडीवरील मांडव पेटला. पन्नासांहून अधिक माणसे गेली, त्यांत नवरदेवही होता. मांडव कसा असावा याविषयी भारतीय मानक ब्यूरोचे स्वतंत्र मानक आहे, त्याचा क्रमांक आयएस ८७५८. कृत्रिम धाग्याचे कापड व दोर वापरू नयेत, मांडवाची उंची तीन मीटरांपेक्षा कमी नसावी, विजेच्या तारांखाली मांडव घालू नये, या त्यातील गोष्टी मंडपवाल्याला लेखी कळविण्यास काहीच खर्च येत नाही. त्याने 'साहेब, सगळे असेच वापरतात' म्हटले, तर कापडाची एक चिंधी मागून घ्यावी आणि अंगणात चिमट्यात धरून पेटवून पाहावी. सुती कापड जळून राख होते. कृत्रिम कापड आक्रसते, वितळते आणि पेटते थेंब गाळते. ही परीक्षा एकदा पाहिलेला माणूस पुन्हा वाद घालीत नाही. थर्माकोलच्या मखराचेही तेच. ते भराभर जळते आणि काळाकुट्ट, गुदमरविणारा धूर सोडते. त्यातच आपण विजेच्या माळा खोवतो.

विजेविषयी एकच हिशेब सांगतो. भिंतीवरील साधी ६ अँपिअरची खाच २३० व्होल्टला सुमारे १,३८० वॅटचा भार सोसते. चहाचे विजेचे मोठे पात्र एकटेच दोन-तीन हजार वॅट ओढते. ते पात्र, दोन प्रखर दिवे आणि ध्वनिवर्धक एकाच जोडतारेवर चालविले की तार सतरंजीखाली निमूटपणे तापत राहते. त्यातून फ्यूज उडाला की उत्साही कार्यकर्ता तेथे जाड तार गुंडाळतो, म्हणजे धोक्याची सूचना देणारी घंटाच काढून टाकतो. तात्पुरती जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी, आणि मुख्य खटका कोठे आहे हे निदान तिघांना ठाऊक असावे. त्या खोलीला कुलूप असेल तर कार्य संपेपर्यंत किल्ली आपल्या माणसाच्या खिशात हवी.

आचाऱ्याची भट्टी इमारतीबाहेर, मांडवाच्या कापडापासून दूर असावी. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत पसरून दूरच्या निखाऱ्यापर्यंत पोहोचतो, म्हणून टाक्या उघड्यावर उभ्या ठेवाव्यात, तळघरात किंवा जिन्याखाली कधीही नव्हे. कढईतील तेल पेटले तर त्यावर पाणी ओतू नये. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल उसळून चौफेर उडते. गॅस बंद करून कढईवर मोठे झाकण किंवा परात सरकवावी, एवढे पुरे.

येथवर सांगितलेले कोणत्याही सभेस लागू आहे. आपले कार्य मात्र सभा नव्हे. आपण अग्नीला आमंत्रण देऊन आणतो. ऋग्वेदाचे पहिले सूक्तच अग्नीचे आहे, आणि अग्नीवाचून आपला एकही संस्कार पुरा होत नाही. म्हणून अग्नीशी कसे वागावे हे आपणांस इतरांहून अधिक कळावयास हवे. होमाची रचना पाहा. कुंडाला मेखला असतात, अग्नीभोवती पाणी फिरवून पर्युक्षण केले जाते, जवळ प्रणीता-प्रोक्षणीची जलपात्रे मांडलेली असतात. या विधींचा शास्त्रार्थ विद्वानांनी सांगावा. परंतु अग्नीला मर्यादा आखून आणि पाण्याला शेजारी बसवूनच त्यास आवाहन करावयाचे, ही शिस्त कोणासही दिसण्यासारखी आहे. आपण मात्र कापडी छताखाली, पडद्यापासून हातभर अंतरावर कुंड मांडतो आणि तुपाची धार सोडतो. होम मोकळ्या आकाशाखाली करावा. तसे शक्य नसेल तर कुंडावरील छत काढून टाकावे, आणि पाण्याच्या दोन बादल्या व वाळूची एक बादली गुरुजींच्या आसनामागे ठेवावी.

आरतीच्या वेळची गर्दी हा माझ्या मते सर्वांत मोठा धोका आहे, कारण त्या क्षणी सर्वांचे डोळे मूर्तीकडे असतात. जळत्या कापराचे तबक माणसांच्या डोक्यांवरून हातोहात फिरते. खाली पदर, ओढण्या आणि मुलांचे झगे. पूर्वी सोवळे म्हणून रेशमी वस्त्र किंवा लोकरीची धाबळी नेसत. रेशीम व लोकर सहजी पेट घेत नाहीत आणि वितळून अंगाला चिकटत नाहीत. आता 'सोवळे' म्हणून दुकानात मिळते ते पुष्कळदा कृत्रिम धाग्याचे असते. ते दिसते रेशमासारखे आणि जळते मेणासारखे. आरतीचे तबक एकाच माणसाने धरून एका जागी उभे राहावे आणि भाविकांनी रांगेने तेथे जाऊन आरती घ्यावी. बारीक भुकटीविषयीही सावध असावे. उज्जयिनीच्या महाकाल मंदिरात २५ मार्च २०२४ रोजी, होळीच्या सणात, पहाटेच्या भस्मआरतीच्या वेळी गुलाल उधळला गेला आणि गाभाऱ्यात एकाएकी भडका उडाला. चौदा पुजारी व सेवक भाजले. त्यांतील एक वृद्ध सेवक पुढे दगावले. हवेत उडालेली जळण्याजोगी बारीक भुकटी ज्योतीला भेटली की क्षणार्धात पेटते. गुलाल व कापूर यांची वेळ एक असू नये. अखंड नंदादीप ठेवावयाचा असेल तर काचेच्या कंदिलात, वाळूच्या परातीत ठेवावा आणि रात्रीचा पहारा पाळीपाळीने वाटून घ्यावा. रिकाम्या सभागृहात दिवा जळत ठेवून कुलूप लावणे हे भक्तीचे लक्षण मानता येणार नाही.

सामायिक इमारतीत आणखी एक गोष्ट असते: शेजारी. आपण वरच्या मजल्यावर पारायण करतो, खाली गाद्यांचे गोदाम असते किंवा रंगाचे दुकान. सुरत येथे २४ मे २०१९ रोजी एका व्यापारी इमारतीस आग लागून वरच्या मजल्यावर शिकवणीस आलेले २२ विद्यार्थी गेले. आग खालून आली, लाकडी जिना जळाला आणि खाली येण्याची वाटच उरली नाही. तेव्हा जागा पाहताना खालच्या मजल्यावर काय साठविले आहे आणि जिन्यात काय रचून ठेवले आहे हे विचारण्यात संकोच बाळगू नये. आपल्या इंदुरात तर हे निराळ्या रीतीने कळून चुकले आहे. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीला, एका मंदिरात हवन चालू असता पायाखालची फरशी खचली आणि माणसे तिच्याखाली झाकलेल्या जुन्या बावडीत कोसळली. ३६ जण गेले. ती आग नव्हती; पण ज्या जागेवर आपण माणसे बसवितो तिच्याविषयी आपण किती अजाण असतो, याचे याहून दुःखद उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही.

एक आक्षेप नेहमी येतो. मंगलकार्याच्या आरंभी 'आग लागल्यास' असे शब्द उच्चारणे अभद्र आहे, ज्येष्ठ मंडळींना ते रुचत नाही, असे म्हणतात. या भावनेचा मी अवमान करीत नाही. पण पूजेच्या आरंभी आपण आसनशुद्धी व भूतोत्सारण करतो, म्हणजे विघ्नांचे नाव घेऊनच कार्यास लागतो. तेव्हा त्यात अभद्र ते काय? शब्दही निवडता येतात. गेल्या दोन उत्सवांत आमचे चिटणीस कीर्तनापूर्वी एवढेच सांगतात: 'बाहेर जाण्याची दारे दोन आहेत, एक आपल्या मागे व एक डाव्या हातास. गरज पडल्यास जवळच्या दाराने, सावकाश, मुलांचा हात धरून बाहेर पडावे. दाराशी आपले कार्यकर्ते उभे आहेत.' यास अर्धे मिनिट लागते. आजवर कोणी उठून गेले नाही. एका आजींनी मात्र डावीकडच्या दाराजवळची खुर्ची मागून घेतली.

प्रत्यक्ष आग लागल्यास काय करावे? ज्याला प्रथम दिसेल त्याने मोठ्याने सांगावे. दुसऱ्याने तत्काळ १०१ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि पत्ता खुणेसह सांगावा. भाड्याच्या जागेचा पूर्ण पत्ता घाईत कोणालाच आठवत नाही, म्हणून तो आधीच कागदावर लिहून दाराशी चिकटवावा. विजेचा मुख्य खटका बंद करावा. लहान आगीवर भुकटीचे अग्निशामक नळकांडे चालते, परंतु ते अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामे होते. तेवढ्यात आग न शमल्यास ते टाकून बाहेर पडावे. सहा किलोचे ते नळकांडे कसे चालवावे हे भिंतीवरची सूचना वाचून त्या वेळी शिकता येत नाही. खीळ ओढणे, नळी ज्वालेच्या बुडाशी धरणे आणि मूठ दाबणे याचा सराव चार-दोन तरुणांनी आधी करावा, आणि काटा हिरव्या भागात आहे की नाही हे जागा घेतानाच पाहावे. धूर वर साचतो, म्हणून तो दाटल्यास वाकून, प्रसंगी रांगत, जमिनीलगतच्या हवेतून निघावे. ज्याच्या कपड्यांनी पेट घेतला त्याने धावू नये. त्याला खाली पाडून लोळवावे आणि जाड सतरंजी किंवा घोंगडीत गुंडाळावे. भाजलेल्या अंगावर वीस मिनिटे साधे थंड पाणी वाहू द्यावे. तूप, शाई, दातांची मलई यांपैकी काहीही लावू नये, आणि चिकटलेले कापड ओढून काढू नये.

बाहेर पडल्यावर जमण्याची जागा आधी ठरलेली असावी: समोरचे वडाचे झाड, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, काहीही. प्रत्येक कुटुंबाने तेथे आपली माणसे मोजावीत. हे नसले की आई मुलाला शोधण्यास आत जाते, आणि मूल दुसऱ्या दाराने केव्हाच बाहेर आलेले असते. यंदाच्या उत्सवाची जागा पाहण्यास कार्यकारी मंडळ जाईल तेव्हा सभासद भगिनींपैकी दोघींनी बरोबर यावे, अशी विनंती आहे. मुलांना व वृद्धांना घेऊन त्या बसतात ती बाजू दारापासून किती दूर पडते, हे पुरुषांच्या सहसा ध्यानी येत नाही.